लुइस कॅरोल : कोडीं घालणारा आणि उलगडून सांगणारा

वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडवावयास बसलें म्हणजे वेळ कसा निघून जातो हें कळत नाहीं, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. त्यांतहि इंग्रजी पत्रांतून जें गूढ शब्दकोडें येतें त्याची मौज निराळीच. साध्या कोड्यांत सूचनेचा अर्थ सरळ असतो. गूढ कोड्यांत सूचना बोलते एक आणि सुचविते दुसरेंच. मराठींतील एक उदाहरण आम्हीच रचून देतों. दोन अक्षरांचा शब्द हवा आहे, आणि सूचना अशी आहे : गांवाला पाणी पाजते, पण उलटी फिरली कीं गरीब होते. गांवाला पाणी पाजते ती नदी, आणि ‘नदी’ हीं अक्षरें उलट वाचलीं कीं ‘दीन’, म्हणजे गरीब. एकाच सूचनेंत उत्तराकडे जाण्याच्या दोन वाटा असतात. एक अर्थाची आणि दुसरी अक्षरांची. दोन्ही वाटा एकाच दाराशीं येऊन मिळाल्या म्हणजे उत्तर बरोबर आलें याविषयीं शंका उरत नाहीं.

चौकटींचें शब्दकोडें प्रथम २१ डिसेंबर १९१३ रोजीं न्यूयॉर्क येथील एका वर्तमानपत्रांत आर्थर विन यांनीं छापलें, आणि गूढ सूचनांची रीत त्यानंतरच्या दशकांत इंग्लंडांत रुळली. परंतु अक्षरांशीं असा लपंडाव खेळण्याची आवड त्या देशास पूर्वींपासूनच होती, आणि ती वाढविणाऱ्यांत एका गणिताच्या अध्यापकाचें नांव फार वर घ्यावें लागेल. ‘अ‍ॅलिस’च्या नवलकथेचे कर्ते म्हणून जगास माहीत असलेले लुइस कॅरोल ते हेच. त्यांच्या चरित्राची ही बाजू आम्ही आज आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचें खरें नांव चार्ल्स लटविज डॉजसन. २७ जानेवारी १८३२ रोजीं इंग्लंडांतील चेशर परगण्यांत डेअर्सबरी नांवाच्या खेड्यांत, तेथील धर्मोपदेशकाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांत चार्ल्स तिसरा, आणि मुलग्यांत सर्वांत वडील. १८४३ सालीं वडिलांची नेमणूक यॉर्कशरांतील क्रॉफ्ट या गांवीं झाली व सारें कुटुंब तेथें राहावयास गेलें. एवढ्या भावंडांचें मन रमविण्याचें काम चार्ल्सनें आपण होऊन अंगावर घेतलें. तो त्यांच्यासाठीं हस्तलिखित मासिकें काढी. मजकूर बहुतेक त्याचाच, चित्रेंहि त्याचींच. अशाच एका मासिकांत त्यानें एक प्रश्न घातला. पृथ्वी गोल आहे, आणि सूर्याच्या पाठोपाठ चालत गेलेल्या माणसास सर्वत्र मध्यान्हच लागेल; तर मग मंगळवार संपून बुधवार नेमका कोणत्या ठिकाणीं लागतो? हा प्रश्न वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुनः येणार आहे.

या मुलास एक मोठी अडचण होती. बोलतां बोलतां त्याची जीभ अडखळे. त्याच्या भावंडांपैकीं पुष्कळांस हाच त्रास होता. रग्बीच्या प्रसिद्ध शाळेंत तो १८४६ पासून १८४९ पर्यंत होता. अभ्यासांत त्यानें तेथें बक्षिसें मिळविलीं. तथापि ते दिवस त्यास सुखाचे गेले नाहींत. १८५१ च्या जानेवारींत तो ऑक्सफर्ड येथील ख्राइस्ट चर्च या विद्यालयांत राहावयास गेला. आणि दोनच दिवसांनीं आई वारल्याची बातमी येऊन त्यास घरीं परतावें लागलें. तें दुःख गिळून त्यानें अभ्यास केला. १८५४ सालीं गणितांत पहिला वर्ग मिळविला, आणि लौकरच त्याच विद्यालयांत गणिताच्या अध्यापनास आरंभ केला. तें काम त्यांनीं १८८१ पर्यंत केलें, आणि राहणें तर अखेरपर्यंत तेथेंच झालें. १८६१ सालीं त्यांनीं ‘डीकन’ या पदाची धर्मदीक्षा घेतली. जीभ अडखळत असतांहि ते पुढें प्रसंगोपात्त उपदेश करीत. पवित्र गोष्टींची थट्टा त्यांस मुळींच खपत नसे.

त्यांचें टोपणनांव हेंहि एक कोडेंच आहे. १८५६ सालीं एका मासिकांत त्यांची कविता यावयाची होती व संपादकांस टोपणनांव हवें होतें. डॉजसन यांनीं चार नांवें पाठविलीं. त्यांपैकीं दोन ‘चार्ल्स लटविज’ या नांवांतील अक्षरांची केवळ उलटापालट करून केलेलीं होतीं. उरलेल्या दोहोंची रीत निराळी. ‘लटविज’ म्हणजे लॅटिनांत ‘लुडोविकस’, आणि त्याचें इंग्रजी रूप ‘लुइस’. ‘चार्ल्स’ म्हणजे लॅटिनांत ‘कॅरोलस’, त्यावरून ‘कॅरोल’. मग दोहोंची जागा बदलली, आणि ‘लुइस कॅरोल’ हें नांव सिद्ध झालें. संपादकांनीं तेंच निवडलें. नांवांत नांव लपलें होतें. पण किल्ली जवळ असणारास तें सांपडावें अशाच रीतीनें लपलें होतें.

४ जुलै १८६२ रोजीं डॉजसन आणि त्यांचे एक मित्र विद्यालयाच्या प्रमुखांच्या तीन मुलींना घेऊन नावेंतून फिरावयास गेले. वाटेंत मुलींनीं गोष्टीचा हट्ट धरला, आणि मधल्या मुलीच्या नांवानें डॉजसन यांनीं एक गोष्ट रचीत रचीत सांगितली. तीच पुढें १८६५ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिचा दुसरा भाग, आरशापलीकडील देशाचा, १८७१ च्या अखेरीस बाहेर पडला. त्याच्या शेवटीं २१ ओळींची एक कविता आहे. प्रत्येक ओळीचें पहिलें अक्षर घेऊन खालीं खालीं वाचीत गेलें कीं त्या मुलीचें संपूर्ण नांव, अ‍ॅलिस प्लेझन्स लिडेल, तयार होतें. कविता नुसती वाचणारास ती कविताच आहे. खालीं नजर टाकणारास ती एक भेटहि आहे.

त्या काळीं इंग्लंडांत दुहेरी आद्याक्षरी कोड्यांचें फार वेड होतें, आणि डॉजसन यांनींहि तशीं कोडीं रचलीं. त्याचीहि कल्पना मराठी उदाहरणानें येईल. तीन शब्द ओळखावयाचे : छपराच्या भोंकांतून घरांत उतरणारें ऊन, ‘नंतर’ या अर्थाचा शब्द, आणि पाण्यावर उठते तशी मनांतहि उठते ती. उत्तरें अनुक्रमें कवडसा, मग आणि लहर. आतां त्यांचीं पहिलीं अक्षरें ओळीनें वाचावीं, ‘कमल’ मिळतें. शेवटचीं वाचावीं, ‘सागर’ मिळतो. एखादा शब्द चुकला तर उभी ओळ लागत नाहीं, आणि चूक आपोआप उघडी पडते. चौकटींच्या कोड्यांत आडव्या शब्दाची परीक्षा उभा शब्द करतो, तोच हा न्याय.

१८७७ च्या नाताळांत दोन मुलींना करमेना म्हणून त्यांनीं आणखी एक खेळ शोधून काढला. सारख्याच अक्षरसंख्येचे दोन शब्द घ्यावयाचे, आणि दर पायरीस एकच अक्षर बदलून पहिल्याचा दुसरा करावयाचा. मात्र मधली प्रत्येक पायरी खरा शब्द असली पाहिजे. मराठींत रात्रीचा दिवस असा करतां येईल : रात, दात, दान, दिन. १८७९ च्या मार्चपासून हा खेळ लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकांत चालू झाला. वाचक उत्तरें पाठवीत आणि डॉजसन गुण देत. पण कोणी कोशाच्या कोपऱ्यांतील अनोळखी शब्द आणून पूल बांधूं लागले, तेव्हां वाद माजले. म्हणून डॉजसन यांनीं ग्राह्य शब्दांची यादीच छापून टाकली. नियम सर्वांस आधीं माहीत असावे आणि मग परीक्षा व्हावी, हा त्यांचा बाणा होता.

कोडें घालणें हें अर्धें काम. तें उलगडून सांगणें हें उरलेलें अर्धें. हें दुसरें अर्ध त्यांनीं किती मनापासून केलें, तें १८८० पासून ‘मंथली पॅकेट’ या मासिकांत आलेल्या त्यांच्या गोष्टींवरून दिसतें. प्रत्येक गोष्टींत एक-दोन गणितें गुंफलेलीं असत, आणि प्रत्येकीस त्यांनीं ‘गांठ’ असें नांव दिलें होतें. अशा दहा गांठी झाल्या, व १८८५ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. वाचक टोपणनांवानें उत्तरें पाठवीत. डॉजसन तीं तपासून पहिला वर्ग, दुसरा वर्ग अशी यादी छापीत. केवळ उत्तर बरोबर आलें म्हणून ते संतुष्ट होत नसत. तें कोणत्या वाटेनें आलें, मधली पायरी गाळली काय, आंधळ्या अंदाजानें तर मिळालें नाहीं ना, हें ते पाहत. आणि चुकलेल्यास त्याचें पाऊल नेमकें कोठें घसरलें तें थट्टेच्या पण समजुतीच्या शब्दांनीं दाखवीत.

दहाव्या गांठींत त्यांनीं तो बालपणींचा प्रश्न पुनः घातला : वार नेमका कोठें बदलतो? १८८४ सालीं ग्रीनिच येथील रेखावृत्त मूळ धरावें असें वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत ठरलें, आणि पुढें पॅसिफिक महासागरांतून जाणारी वाररेषा व्यवहारांत रूढ झाली. पण त्या दिवसांत हा प्रश्न सुटलेला नव्हता. उत्तरें समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हां डॉजसन यांनीं काय करावें? आपणांस सर्व कळतें असा आव आणून कांहीं तरी लिहिणें त्यांस कठीण नव्हतें. त्याऐवजीं त्यांनीं छापून कबूल केलें कीं, या प्रश्नानें आपण स्वतःच पुरते गोंधळलों आहों, आणि परीक्षकच जेथें दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या मध्यें घोटाळत आहे तेथें त्यानें इतरांस वर्ग कसे द्यावे? मोठ्या विद्यापीठांतील गणिताच्या अध्यापकानें हें लिहावें, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याहि कोड्याहून मोठी वाटते.

अशीच एक दुसरी कबुली त्यांना उतारवयांत द्यावी लागली. अ‍ॅलिसच्या पहिल्या पुस्तकांत एक चक्रम टोपीवाला विचारतो कीं, डोमकावळा हा लिहिण्याच्या मेजासारखा कां? गोष्टींत याचें उत्तर कोणीच देत नाहीं. वाचक मात्र वर्षानुवर्षें लेखकास उत्तर विचारीत राहिले. शेवटीं १८९६ च्या नाताळांत लिहिलेल्या प्रस्तावनेंत त्यांनीं एक उत्तर दिलें, आणि लगेच जोडून सांगितलें कीं, हें मागाहून सुचलेलें आहे. कोडें रचलें तेव्हां त्यास उत्तर मुळीं नव्हतेंच.

त्या मागाहूनच्या उत्तरांतहि त्यांनीं एक खुबी ठेवली होती. उत्तराचा एक भाग असा कीं, या दोहोंचें मागलें टोंक पुढें करून कोणी कधींच ठेवीत नाहीं. ‘कधींच नाहीं’ यास इंग्रजींत ‘नेव्हर’ म्हणतात. डॉजसन यांनीं त्या शब्दांतील दुसऱ्या ‘ई’च्या जागीं मुद्दाम ‘ए’ लिहिला. तो शब्द उलट वाचला म्हणजे ‘रेव्हन’, अर्थात् डोमकावळा, होतो! आमच्या ‘नदी’चा ‘दीन’ होतो तसेंच हें. पण पुढील छपाईच्या वेळीं तें अक्षर चूक समजून सुधारलें गेलें, आणि खुबी नाहींशी झाली. १९७६ सालीं एका अभ्यासकाच्या नजरेस जुनी प्रत पडली, तेव्हां कोठें ही गोष्ट उजेडांत आली.

आपल्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनीं तर्कशास्त्र मुलांस समजेल असें करण्यास वाहून घेतलें. ऑक्सफर्ड येथील मुलींच्या शाळेंत ते हा विषय शिकवीत, आणि १८९६ सालीं त्यांचें तर्कशास्त्रावरील पुस्तक निघालें. फसव्या युक्तिवादांतील खोट ओळखतां यावी, हा त्यांचा हेतु होता. आलेल्या व गेलेल्या पत्रांची नोंदवही ते १८६१ पासून ठेवीत असत. तिच्यांतील शेवटचा अनुक्रमांक ९८,७२१ होता. त्यांतील कितीतरी पत्रें मुलांना लिहिलेलीं, थट्टेनें आणि कोड्यांनीं भरलेलीं होतीं. जी जीभ चारचौघांत अडखळे तिची उणीव लेखणीनें अशी भरून काढली. १४ जानेवारी १८९८ रोजीं गिल्डफर्ड येथें, बहिणींच्या घरीं, फुप्फुसाच्या दाहानें त्यांचा अंत झाला. त्यांचें वय तेव्हां ६५ वर्षांचें होतें.

विद्यार्थी मित्रहो, लपविणें आणि फसविणें यांत फार अंतर आहे. चांगलें कोडें उत्तर लपवितें. पण तें शोधण्यास लागणारें सर्व कांहीं सोडविणाराच्या हातीं देतें. फसवें कोडें वाट दाखवितें आणि वाटेच्या टोंकास घरच नसतें. डॉजसन यांच्या हातून एकदां तसें कोडें सुटलें, आणि तें त्यांनीं तीस वर्षांनीं का होईना, आपल्या तोंडानें सांगितलें. तुम्ही परीक्षेस बसाल, पुढें कोणी शिक्षक व्हाल, कोणी आईबाप व्हाल, आणि लहान मुलें तुम्हांस प्रश्न विचारतील. उत्तर ठाऊक असेल तेव्हां तें पायरीपायरीनें उलगडून सांगा. ठाऊक नसेल तेव्हां तसें सांगण्यास लाजूं नका. एवढें जरी या चरित्रापासून आपण घेतलें, तरी पुढच्या वेळीं शब्दकोड्यापुढें घालविलेली घटका वायां गेली असें घरांतील वडील मंडळींसहि वाटणार नाहीं.