डॉ. कमल रणदिवे : हार्मोन आणि कर्करोगाचं नातं शोधणाऱ्या संशोधक

नातेपुते : इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोन, असा सर्वसाधारण समज आहे. पण ते पुरुषांच्या शरीरातही तयार होतं. तरुणांना होणाऱ्या अंडकोषाच्या कर्करोगात त्याचा हात किती, यावर जगभर संशोधन सुरू आहे. हार्मोन आणि कर्करोगाचा संबंध आपल्याकडे सुरुवातीच्या काळात तपासला तो डॉ. कमल रणदिवे यांनी.

कोण होत्या डॉ. रणदिवे?

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्म. माहेरचं आडनाव समर्थ. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. मुलीनं डॉक्टर व्हावं, अशी फर्ग्युसनमध्ये शिकवणाऱ्या वडिलांची इच्छा होती. कमल यांनी जीवशास्त्र निवडलं. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

नेमकं काम काय?

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात हार्मोन, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा एकत्रित परिणाम कसा होतो, हे त्यांनी उंदरांवर अभ्यासलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुरुषांशी काय संबंध?

अंडकोषात टेस्टोस्टेरॉनपासून थोडं इस्ट्रोजेन बनतं. पेशीच्या ‘रिसेप्टर’मार्फत ते पेशीला संदेश देतं, कुलपाला किल्ली लागावी तसं. सेमिनोमा या गाठीत यातला एक रिसेप्टर (ईआर-बीटा) कमी, तर दुसरा (जीपीईआर) जास्त आढळतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशी दुसऱ्या रिसेप्टरमुळे वेगानं वाढल्याचंही दिसलं आहे. या आजाराची सुरुवात बहुधा गर्भातच, परिपक्व न झालेल्या बीजपेशींत होते. गर्भातल्या जास्तीच्या इस्ट्रोजेनमुळे असं होतं का, यावर मात्र अजून एकमत नाही.

लक्षात काय ठेवाल?

• हा कर्करोग प्रामुख्यानं १५ ते ३५ वयात दिसतो.
• अंडकोषात न दुखणारी गाठ, कडकपणा किंवा जडपणा जाणवला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीतून बरंच कळतं.
• बाळाचा अंडकोष खाली उतरला नसेल, तर वर्षाच्या आत तपासून घ्या. यात पुढे धोका वाढतो.
• लवकर निदान झाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. एक अंडकोष काढला, तरी दुसरा निरोगी असल्यास सहसा मूल होऊ शकतं.

न दुखणारी गाठ लाजेपोटी लपवली जाते आणि मोलाचे महिने हातचे जातात. नातेपुते परिसरातल्या रुग्णांसाठी सोलापूर जिल्ह्यातच, बार्शीला, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवा, पण दाखवा.