सुभेदार तानाजी आणि दोरीचा ताण

पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स नावाचा विषय असतो आणि त्या विषयात एक ठोकळा असतो. तो उतारावरून घसरतो, दोरीला लटकतो, कप्पीवरून वर जातो, कधी कधी तुटून खाली पडतो. त्याला नाव नसतं, गाव नसतं, घरी त्याची कुणी वाट बघत नसतं. मी पोलादपूर तालुक्यातला. आमच्याकडे दोरीला लटकलेल्या माणसाला नाव आहे, आणि गावही आहे. म्हणून यंदा अंकासाठी लेख द्यायचं ठरलं तेव्हा सुभेदार तानाजी मालुसऱ्यांचं चरित्र लिहायचं पक्कं केलं. पण मेकॅनिक्सच्या वहीत. इतिहासाच्या लोकांनी आणि मेकॅनिकलच्या लोकांनी, दोघांनीही सांभाळून घ्यावं!

गाव उमरठ. महाडहून गोव्याच्या रस्त्याला पोलादपूर, तिथून आत कापड्यावरून उमरठ. मूळ घराणं घाटावरचं, जावळीकडचं. शेलारमामांच्या आधाराने ते खाली उमरठला आले असं परंपरा सांगते. हा मुलूख ज्याने पाहिला नाही त्याने एकदा एसटीने आंबेनळी घाट चढून बघावा. एका बाजूला सावित्रीचं खोरं, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, आणि मध्ये सपाट म्हणावी अशी जागा भाताच्या खाचरापुरती. इथल्या माणसाला बाजाराला जायचं तरी चढायचं आणि घरी यायचं तरी चढायचं. कड्यावर पाय कुठे ठेवायचा हे त्याला कुणी शिकवत नाही. १६५६ मध्ये शिवाजीराजांनी जावळी घेतली आणि हा सगळा डोंगरपट्टा स्वराज्यात आला. तानाजी राजांच्या जुन्या, भरवशाच्या माणसांपैकी. सभासद त्यांना मावळ्यांचा हजारी म्हणतो, म्हणजे हजार माणसांचा सरदार.

त्यांच्या आयुष्यात दोरी दोनदा येते. पहिल्यांदा १६६१ मध्ये, संगमेश्वराला. राजे कोकणात पुढे गेले होते आणि संगमेश्वरी तानाजी व पिलाजी नीळकंठराव यांना ठेवलं होतं. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांनी रात्री हल्ला केला. अंधारात पिलाजींचा धीर सुटला आणि ते निघाले. तानाजींनी त्यांना परत ओढून आणलं, दोराने एका दगडाला बांधून टाकलं आणि मग लढाई केली. लढाई जिंकली. शिवभारतात हा प्रसंग आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर एका टोकाला विस्थापन शून्य करून टाकलं! पण गंमत सोडा. जो माणूस हातघाईच्या वेळी सोबत्याला दगडाला बांधतो, तो स्वतः मागे फिरण्याचा हिशोबच ठेवत नाही. पुढचं सगळं समजायला हा प्रसंग पुरेसा आहे.

१६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंग आला. आमच्या महाडचे मुरारबाजी देशपांडे त्याच वर्षी पुरंदरावर पडले. तहात २३ किल्ले गेले, त्यात कोंढाणा गेला. नंतर आग्रा, सुटका, मग थोडी शांतता, आणि १६७० च्या सुरुवातीला गेलेले किल्ले परत घ्यायचं ठरलं. कोंढाण्यावर उदेभान राठोड होता. पोवाड्याप्रमाणे तानाजी त्या वेळी मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या गडबडीत होते. लग्न तसंच ठेवून ते निघाले.

आता वही उघडू.

तारीख ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. ही तिथी महत्त्वाची आहे, बरं का. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय उगवत नाही. म्हणजे अंधार पडल्यापासून चंद्र वर येईपर्यंत पाच-सहा तास मिळतात. एवढ्या वेळात कड्याखाली पोचायचं, चढायचं आणि वर जमायचं. कडा डोणागिरीचा, म्हणजे जिथून कुणी येणार नाही असं पहारेकरी धरून चालले होते तो. कडा ३० मीटर धरू, म्हणजे साधारण दहा मजली इमारत. हा आकडा मी गणितापुरता घेतलाय. मावळा शस्त्रांसकट ६० किलो.

एमजीएच लावा. ६० गुणिले ९.८ गुणिले ३० म्हणजे १७,६४० ज्यूल. सभासदाच्या बखरीप्रमाणे वर गेले ३०० जण. सगळ्यांचे मिळून सुमारे ५३ लाख ज्यूल. आकडा मोठा दिसतो ना? युनिटमध्ये बदला. दीड युनिट सुद्धा भरत नाही. आपण हॉस्टेलवर (रेक्टर सरांनी हे वाक्य गाळून वाचावं) जो हीटरचा रॉड लावतो, त्याने तीन बादल्या आंघोळीचं पाणी तापायला एवढीच ऊर्जा लागते. स्नायू खाल्लेल्यातलं फार तर पाव भाग कामात बदलतात, तेही धरलं तरी एका माणसाच्या वाट्याला एखाद्या ग्लुकोज बिस्किटाइतकं खाणं येतं. मी हे गणित तीनदा करून पाहिलं. कोंढाणा घेणारी चढाई, आणि तीन बादल्या गरम पाणी!

म्हणजे अडचण ऊर्जेची नव्हतीच. अडचण बलाची होती आणि वेळेची होती.

आधी बल. इथे घोरपड येते. यशवंती घोरपडीच्या कमरेला दोर बांधला, ती कड्याला चिकटली आणि माणसं चढली, ही गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे घराघरात आहे. आमच्याकडे लहान पोराला सुद्धा ती पाठ असते आणि तिच्यावर शंका घेतलेली आवडत नाही. तरी फ्री बॉडी डायग्राम काढायलाच हवी. बोटभर जाडीचा ३० मीटर दोर सात-आठ किलो भरतो. मोठी घोरपडही साधारण तेवढीच. कड्याच्या माथ्याशी पोचेपर्यंत तिला स्वतःच्या वजनाइतका दोर ओढावा लागेल. समजा ओढला. आता खालून ६० किलोचा माणूस लटकला की ताण ५८८ न्यूटन. तो नुसता लटकत नाही, हिसके देत वर येतो. त्वरण सेकंदाला सेकंद पाच मीटर धरलं तर ताण जातो ८८८ न्यूटनवर. आठ किलोच्या प्राण्याच्या नखांवर नव्वद किलोचं ओझं! नखं एक वेळ टिकतील, पण ज्या खडकाच्या फटीत ती रुतलीत त्याची कड टिकणार नाही.

सभासदाने १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, म्हणजे घटनेनंतर अवघ्या सत्तावीस वर्षांनी. त्यात घोरपड नाही. निवडलेले दोन मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि त्यांनी वरून माळ लावली, असं तो सांगतो. माझं मत विचाराल तर मला हे दोघे घोरपडीपेक्षा मोठे वाटतात. अंधारात, दोराशिवाय, दहा मजले. त्यांची नावं आपल्याला कुणी शिकवली नाहीत आणि घोरपडीचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक! घोरपडीबद्दल माझी तक्रार नाही, पण हिशोब कुठेतरी चुकतो.

वर फक्त दोघं. खालून तीनशे येणार. दोघं दोर धरतील कसे? इथे सेकंड सेमचा बेल्ट फ्रिक्शन कामाला येतो. दोराला झाडाच्या बुंध्याभोवती वेढे द्यायचे. घर्षणांक ०.४ धरला तर एका वेढ्याने ताण बारा पट पेलता येतो, दोन वेढ्यांनी दीडशे पट. एका दोरावर एका वेळी तीन माणसं असली तर ताण १७६४ न्यूटन. दोन वेढ्यांनंतर मोकळ्या टोकाला धरायला लागतात फक्त बारा न्यूटन, म्हणजे किलो-सव्वा किलोची पिशवी. एका हाताने धरता येईल. कोकणात ताडामाडावर चढणाऱ्याला आणि होडी खुंट्याला बांधणाऱ्या कोळ्याला हे माहीत असतं. त्याने ई चा वर्ग-घात कधी ऐकलेला नसतो एवढंच. न्यूटन सुद्धा त्या वेळी केंब्रिजला नुकताच, १६६९ मध्ये, प्राध्यापक झाला होता. त्याचे तीन नियम पुस्तकात यायला १६८७ उजाडलं. मावळ्यांनी त्याची वाट पाहिली नाही!

आता वेळ. एक माणूस चढायला दोन मिनिटं धरा. शक्ती येते १४७ वॅट, म्हणजे खोलीतल्या दोन पंख्यांइतकी. चांगल्या चढणाऱ्याला जमण्यासारखी. पण एका दोरावर एकामागून एक चढायचं तर तीनशे माणसांना सहाशे मिनिटं. दहा तास! चंद्र उगवेल, सूर्य उगवेल, आणि शंभरावा माणूस चढत असेल तोवर गड जागा झालेला असेल. म्हणजे एका दोरावर एका वेळी दोघं-तिघं हवेत, आणि दोर किंवा माळा एकापेक्षा जास्त हव्यात. तीन दोर आणि प्रत्येकावर तिघं असं धरलं की तास-सव्वा तासात काम होतं. माझ्या दृष्टीने तानाजींची खरी हुशारी इथे आहे. शौर्याचं वर्णन सगळे करतात. पण अंधारात तीनशे माणसांची रांग कड्याखाली आवाज न करता उभी करायची, दोर कोणता, आधी कोण, वर पोचलेल्याने कुठे दबून बसायचं, हे ठरवणारा माणूस आपल्या भाषेत फार वरच्या दर्जाचा प्रॉडक्शन इंजिनिअर होता.

वर गेल्यावर झुंज झाली. उदेभान आणि तानाजी समोरासमोर आले. तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही. मग डाव्या हाताचीच ढाल केली. त्यावर शेला गुंडाळला असं सांगतात. ह्याला भाबडी गोष्ट म्हणू नका. तलवारीच्या पुढच्या भागाचं परिणामी वस्तुमान एक किलो आणि वेग सेकंदाला दहा मीटर धरला तर संवेग दहा. हाडावर ती दोन सहस्रांश सेकंदात थांबली तर सरासरी बल ५००० न्यूटन. कापडाच्या घड्यांनी आणि मागे जाणाऱ्या हाताने तीच थांबायला दहा सहस्रांश सेकंद लागले तर बल १००० न्यूटन. कॅच घेताना आपण हात मागे नेतो, तेच. पण धार बलावर नाही, दाबावर कापते. धारेखालचं क्षेत्रफळ इतकं कमी असतं की १००० न्यूटन सुद्धा हात तोडायला पुष्कळ. म्हणजे शेल्याने थोडा वेळ मिळतो, फक्त थोडा. तेवढ्यात समोरच्याला मारायचं, एवढंच हातात उरतं. दोघेही पडले.

सरदार पडला की सैन्य फुटतं, हा त्या काळचा नियमच होता. मावळे कड्याकडे परत निघाले. तेव्हा धाकट्या सूर्याजींनी दोर कापून टाकले. ३० मीटरवरून उडी म्हणजे अडीच सेकंदांनी जमीन, आणि तेव्हा वेग ताशी ८७ किलोमीटर. हे मावळ्यांना आकड्यात माहीत नसेल, पण ज्या कड्यावरून आत्ताच हाताने चढून आले त्याची खोली त्यांच्या बोटांना ठाऊक होती. ते वळले. संगमेश्वरी थोरल्या भावाने एका माणसाला दोराने बांधून थांबवलं होतं. इथे धाकट्याने दोर तोडून सगळ्यांना थांबवलं.

गड हाती आला. पागेच्या छपरांना आग लावली, राजगडावर कळावं म्हणून. सरळ रेषेत अंतर सुमारे १५ किलोमीटर. आवाज तिथे पोचला असता तर त्याला पाऊण मिनिट लागलं असतं. उजेडाला सेकंदाचा वीस हजारावा भागही पुरला. राजांनी गड आल्याचा उजेड त्याच क्षणी पाहिला. तानाजी गेल्याची बातमी माणसाच्या पायांनी यायची होती, तिला वेळ लागला.

मग शव उमरठला आणलं. केळदहून कोकणात कर्णवडीकडे उतरणाऱ्या वाटेला मढे घाट म्हणतात. तानाजींचं मढं ह्या वाटेने उतरवलं म्हणून ते नाव, असं आमच्या भागात सांगतात. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची मंडळी तिथे धबधब्याला येतात, फोटो काढतात. चढण्यापेक्षा उतरणं सोपं असं ज्यांना वाटतं त्यांनी खांद्यावर ओझं घेऊन तो घाट उतरावा. उंची ६०० मीटर धरली तर ६० किलोचे साडेतीन लाख ज्यूल. ती ऊर्जा कुठेतरी जावीच लागते, आणि ती उतरणाऱ्यांच्या गुडघ्यांत आणि मांड्यांत जाते. त्यात खांद्यावर घेतलेलं ओझं उतारावर पुढच्या दोघांकडे कलतं. पुढचे जास्त वजन पेलतात आणि पायही त्यांनाच आधी रोवावा लागतो. अशा वाटेवर खांदे सारखे बदलावे लागतात. सिंहगडापासून उमरठपर्यंत त्यांनी किती वेळा खांदे बदलले असतील ह्याचं गणित मात्र मी मांडलेलं नाही.

उमरठला त्यांची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे. माघ वद्य नवमीला तिथे पुण्यतिथी होते, आजूबाजूच्या वाड्यांमधून माणसं येतात. रायबाचं लग्न पुढे राजांनी स्वतः उमरठला येऊन लावलं, असं गावात सांगतात.