शांत रात्रीचे गीतकार : योसेफ मोर

नाताळ जवळ आला की टोपी बाजाराच्या गर्दीतून घरी परततानाही आमच्या ओठांवर एक संथ चाल येते. तानसेनाच्या या ग्वाल्हेरात गाण्याचे पारखी पुष्कळ. पण 'शांत रात्र' या गीताला फार मोठा गळा लागत नाही. संडे स्कूलमधील लहान मूलही ते गाऊ शकते.

त्याचे कवी योसेफ मोर ११ डिसेंबर १७९२ रोजी ऑस्ट्रियातील आजच्या साल्झबुर्ग शहरी जन्मले. आई विणकाम करून पोट भरी. आईबापांचे लग्न झालेले नव्हते, आणि शिपाई असलेला बाप सैन्यातून पळून गेला होता. अशा मुलाचा धर्मपिता कोण होणार? गावच्या फाशी देणाऱ्याचे नाव लागले, आणि तोही बाप्तिस्म्याला स्वतः आला नाही. बदली माणूस उभा राहिला. पुढे हिर्नले नावाच्या धर्मगुरूंनी मुलाचा गोड आवाज हेरून त्याला शिकविले. जन्माच्या त्या डागामुळे धर्मगुरू होण्यासही खास परवानगी काढावी लागली. १८१५ साली त्यांना दीक्षा मिळाली.

१८१६ मध्ये मारियाफार या डोंगरी गावी त्यांनी हे गीत लिहिले. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती, आणि त्या वर्षी उन्हाळाच न आल्याने पिके बुडाली होती. आपण बहुधा तीनच कडवी गातो. मूळची सहा आहेत. गाळलेल्यांपैकी एकात प्रभू येशू भाऊ होऊन जगातील सर्व लोकांना कवेत घेतो. ज्याला जन्मतःच कोणी आपला म्हटले नाही, त्याने हे लिहावे! लूक २:७ मधील गव्हाणी त्यांना आपल्याहून नीट समजली असावी.

२४ डिसेंबर १८१८ रोजी ओबर्नडॉर्फ येथे त्यांनी ही कविता शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांच्या हाती दिली. ग्रुबरांनी त्याच दिवशी चाल बांधली आणि रात्री दोघांनी ती गायिली. गिटार मोरांनी वाजविली. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला ही गोष्ट आम्हीही मुलांना सांगितली आहे; पण ग्रुबरांच्या स्वतःच्या निवेदनात तिचा मागमूस नाही. ती आता सोडावी हे बरे.

ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने गीत बाहेर नेले, फिरत्या गायक कुटुंबांनी ते १८३९ साली न्यूयॉर्कपर्यंत पोचविले. कवीचे नाव मात्र वाटेतच गळाले. लोक चाल हायडनची समजू लागले. १८५४ मध्ये बर्लिनहून चौकशी आली तेव्हा ग्रुबरांनी खरी हकीकत लिहून दिली. मोरांच्या हातची प्रत तर १९९५ साली सापडली, आणि १८१६ हे वर्ष तेव्हा पक्के झाले.

मोर गावोगाव बदली होत शेवटी वाग्राईन येथे आले. तेथे त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा उभी केली, म्हाताऱ्यांची सोय पाहिली. ४ डिसेंबर १८४८ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्यामागे पैसा उरला नव्हता. नाताळला तीन आठवडे होते.