दूध आंबवणाऱ्या जंतूला नाव देणारे लिस्टर

कार्बोलिक ॲसिड वापरून शस्त्रक्रिया सुरक्षित करणारे जोसेफ लिस्टर आपणांस शालेय पुस्तकांतून ठाऊक असतात. त्यांचे दुसरे काम मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि ते तर आपल्या दुधाच्या पातेल्यातले!

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये अप्टन येथे झाला. वडील मद्याचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारण्यात त्यांनी नाव कमावले होते. १८६० साली लिस्टर ग्लासगोला प्राध्यापक झाले. पाश्चर यांचे लेखन वाचून, जखम जंतूंमुळे सडते, असे त्यांना वाटू लागले. १८६५ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या पायावर त्यांनी कार्बोलिक लावले. पाय बरा झाला.

मग दूध कशाला? जखमेचे सडणे व दुधाचे आंबणे ही एकाच जातीची कामे आहेत, असा त्यांचा तर्क होता. आणि दुधावर प्रयोग केला तर रोग्याचा जीव धोक्यात येत नाही. १८७३ साली त्यांनी दूध आंबवणाऱ्या जंतूला बॅक्टेरियम लॅक्टिस असे नाव दिले. तेव्हा एकच जंतू परिस्थितीनुसार रूप पालटतो असे ते मानत. तसे असते तर नाव देण्यात अर्थच राहिला नसता! पुढे लंडनला, १८७८ मध्ये, त्यांनी आंबलेले दूध उकळलेल्या पाण्यात इतके पातळ केले की एका थेंबात सरासरी एखादाच जंतू उरावा. असे थेंब त्यांनी उकळलेल्या दुधाच्या प्याल्यांत टाकले. काही प्याले आंबले, काही तसेच राहिले. जे आंबले त्यांत एकाच जातीचे जंतू होते. एका जातीचा जंतू निवडून वाढवण्याची ही पहिली यशस्वी रीत मानली जाते.

पण नाव टिकले नाही. १९०९ मध्ये त्याचे स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस झाले, १९८५ मध्ये लॅक्टोकॉकस लॅक्टिस. हा बदल बरा झाला असे मला वाटते, कारण पहिल्या आडनावाच्या भावंडांत घसा धरवणारे जंतूही आहेत, आणि दह्यातल्या गरीब जंतूवर उगीच संशय येई. २०२१ मध्ये त्याच्यातीलच एका उपजातीला लॅक्टोकॉकस क्रेमोरिस ही वेगळी जात ठरवले गेले.

आज अन्नातील जंतूंच्या मोठमोठ्या नोंदी संगणकात ठेवतात. वर्गातील एकच मुलगा हजेरीपटावर माहेरच्या व बापाच्या अशा दोन आडनावांनी लिहिला गेला, तर पट एकाने वाढेल. तेच येथेही घडते. म्हणून प्रत्येक जातीला एक क्रमांक देऊन जुनी नावे त्याच्याच खाली ठेवतात. क्रेमोरिससारखी जात फुटली की जुनी नोंद नेमकी कोणाची, हे मात्र पुन्हा तपासावे लागते. तेथे नुसते नाव खोडून चालत नाही.

लिस्टर १० फेब्रुवारी १९१२ रोजी वारले. १९२७ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ एका रोगजंतूला लिस्टरेला नाव दिले गेले. पण ते नाव आधीच एका बुरशीसारख्या जीवाला दिलेले निघाले, आणि तेही कोणावरून, तर लिस्टर यांचेच बंधू आर्थर यांच्यावरून! शेवटी १९४० मध्ये त्या जंतूचे लिस्टेरिया झाले. कच्च्या दुधातून व मऊ चीजमधून माणसांना आजारी पाडणारा लिस्टेरिया तो हाच.