राजपुत्र दाराशुकोहचा स्वाध्याय

एकदा वाचलेला ग्रंथ मनुष्य पुन्हा का उघडतो? आपल्या परंपरेत पाठाच्या आवृत्तीस एवढे महत्त्व का आहे? शाहजहान बादशहाचा ज्येष्ठ पुत्र दाराशुकोह (१६१५–१६५९) ह्याच्या चरित्रात ह्याचे उत्तर सापडते.

१६४० साली काश्मिरात मुल्लाशाह ह्या सत्पुरुषाची भेट झाल्यापासून ईश्वराचे एकत्व हाच दाराच्या चिंतनाचा विषय झाला. लहानपणापासून परिचित असलेल्या कुराणातील कित्येक वचने त्यास गूढ वाटत. त्यांचा उलगडा व्हावा म्हणून त्याने तौरात व इंजील हे ग्रंथही वाचले. पण समाधान झाले नाही.

पुढे योगवासिष्ठाचा एक फारसी सारानुवाद त्याच्या वाचनात आला. त्यानंतर स्वप्नात वसिष्ठ मुनी व श्रीराम ह्यांचे दर्शन झाले आणि श्रीरामांनी आलिंगन दिले, असा वृत्तान्त पुढील अनुवादाच्या प्रस्तावनेत आहे. अकबराच्या काळापासून ह्या ग्रंथाचे फारसी अनुवाद झालेले होते. तरीही दाराने १६५६ साली तो नव्याने करविला.

दिल्लीत यमुनेच्या काठी निगमबोध घाट आहे. विस्मृत झालेल्या वेदांचा येथे पुन्हा बोध झाला, अशी आख्यायिका आहे. ह्याच परिसरातील आपल्या वाड्यात दाराने काशीचे पंडित व संन्यासी ह्यांच्या साहाय्याने १६५७ साली सुमारे ५० उपनिषदे सहा महिन्यांत फारसीत आणली. ग्रंथास नाव दिले ‘सिर्र-ए-अकबर’, म्हणजे महान रहस्य. कुराणात एका गुप्त ग्रंथाचा उल्लेख आहे. तो ग्रंथ म्हणजे उपनिषदेच, असा त्याचा निश्चय झाला. हा अर्थ अनेकांस मान्य झाला नाही. परंतु चिरपरिचित वचन त्यास बेचाळिसाव्या वर्षी नव्याने उमगले, ह्यात संशय नाही.

त्याच वर्षी बादशहा आजारी पडला आणि भावाभावांत युद्ध पेटले. १६५८ साली सामूगढ येथे दारा हरला. ऑगस्ट १६५९ मध्ये धर्मभ्रष्टतेचा ठपका ठेवून दिल्लीत त्याचा वध करण्यात आला. हुमायूनच्या मकबऱ्यात त्याचे दफन झाले.

ग्रंथ मात्र राहिला. १८०१–०२ मध्ये आंकतील द्युपेराँ ह्या फ्रेंच पंडिताने त्याचे लॅटिन भाषांतर प्रसिद्ध केले. ते जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहॉवर ह्याने आयुष्यभर पुनःपुन्हा वाचले आणि त्यातच सांत्वन मानले. ग्रंथाचा अर्थ वाचकाच्या अधिकाराप्रमाणे उघडतो, आणि तो अधिकार आवृत्तीनेच वाढतो.