आचार्य जगदीशचंद्र आणि आकाशातली वीज

ओकव्हिलकरांना वीजकेंद्राचा वाद नवा नाही. वायूवर चालणारे केंद्र गावात नको म्हणून रहिवासी एकवटले आणि २०१० साली ते रद्द झाले. २०१४ मध्ये ऑन्टारिओने कोळशाची वीजही बंद केली. पण वीज तर हवीच, आणि पृथ्वी तापू नये हेही हवे! म्हणून काही शास्त्रज्ञांची नजर आकाशाकडे लागली आहे. ३६ हजार किलोमीटर उंचीवर ढग नाहीत, रात्रही जवळजवळ नाही. तेथे सौरपट्ट्या ठेवाव्यात आणि त्यांची वीज सूक्ष्मलहरींच्या रूपाने खाली पाठवावी, ही कल्पना पीटर ग्लेझर यांनी १९६८ साली मांडली. अशा लहरी हाताळण्याची विद्या मात्र त्याच्या कितीतरी आधी कलकत्त्याच्या एका लहानशा खोलीत आकार घेत होती.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. तरी मुलाला त्यांनी बंगाली शाळेत घातले. तेथे कोळ्याचा मुलगा त्यांच्या शेजारी बसत असे. पुढे कलकत्त्याचे सेंट झेवियर्स कॉलेज आणि मग वैद्यकासाठी लंडन. प्रकृती साथ देईना म्हणून ते केंब्रिजला विज्ञानाकडे वळले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले.

१८८५ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. भारतीय म्हणून पगार गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी. बोसांनी तो घेतलाच नाही. शिकवणे चालू, पगार बंद, अशी तीन वर्षे गेली. याच काळात, १८८७ मध्ये, अबलादेवींशी त्यांचा विवाह झाला. नव्या संसारात ओढाताण झाली, पण पतिपत्नी डगमगली नाहीत. अखेर सरकारने नमते घेऊन मागील बाकीसह पूर्ण पगार दिला.

संशोधनासाठी धड प्रयोगशाळा नव्हती. स्थानिक कारागिराकडून उपकरणे घडवून घेऊन बोसांनी अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांनी लोकांसमोर भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटविली. मात्र घंटेची वीज तिथल्याच बॅटरीची होती; लहरीने केवळ कळ दाबली. संदेश पोचला, शक्ती नव्हे.

मग आकाशातल्या विजेशी त्यांचा संबंध काय? लहरींना दिशा देणारे कर्ण्यासारखे साधन त्यांनी वापरले आणि लहरी ओळखण्यासाठी गॅलेना या खनिजाचा स्फटिक योजला. सूक्ष्मलहरींची पुन्हा वीज करायला आज जमिनीवर अर्धवाहकाचे बारीक भाग लागतात. बोसांचा स्फटिक म्हणजे त्यांचा पूर्वजच! स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०४ साली त्याचे अमेरिकन पेटंट निघाले, पण विद्येचा व्यापार त्यांना रुचत नव्हता. पेटंटापासून त्यांनी पैसा केला नाही.

नंतर ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात बोस संस्था स्थापन केली, १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

पुढे १९८७ साली आपल्या कॅनडातच, ओटावाजवळ, जमिनीवरून सोडलेल्या सूक्ष्मलहरींवर एक छोटे विमान उडाले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी अवकाशातून सोडलेली अशी शक्ती पृथ्वीवर टिपली. ती नाममात्रच होती. खर्च अफाट आहे आणि ती झेलायला जमिनीवर कित्येक किलोमीटरचे क्षेत्र लागेल. तोवर छतावरच्या पट्ट्या आणि विजेची काटकसर यांना पर्याय नाही.

कलकत्त्यात संदेश पोचला होता. आता शक्ती पोचवायची आहे. पगाराविना तीन वर्षे शिकविणाऱ्या त्या प्राध्यापकाची चिकाटी आपल्या मुलांनी उचलली, तर तेही साधेल.