विश्लेषण : पाणबुडीच्या अधिकाऱ्याची परीक्षा घसरत्या खुर्चीवर का होत असे?

अमेरिकी अणुपाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी हजारो अधिकाऱ्यांच्या मुलाखती स्वतः घेतल्या. त्यात ज्ञानापेक्षा मनाचा कस अधिक लागे.

रिकोव्हर कोण होते?

त्यांचा जन्म १९०० मध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या पोलंडमधील ज्यू कुटुंबात झाला. लहानपणीच ते अमेरिकेत आले आणि १९२२ मध्ये नौदल अकादमीतून पदवीधर झाले. १९२९ मध्ये त्यांनी पाणबुडी प्रशिक्षणासाठी अर्ज केला, तो वय जास्त म्हणून नाकारला गेला. एका जुन्या वरिष्ठाने शब्द टाकल्याने त्यांना प्रवेश मिळाला. पाणबुडीचे नेतृत्व मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. १९५४ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली घडलेली ‘नॉटिलस’ ही जगातील पहिली अणुपाणबुडी नौदलात दाखल झाली.

मुलाखत कशी होई?

उमेदवाराच्या खुर्चीचे पुढचे पाय कापून आखूड केलेले असत, त्यामुळे तो सतत पुढे घसरे. उत्तर पटले नाही तर त्याची रवानगी अडगळीच्या खोलीत होई. १९५२ मध्ये जिमी कार्टर यांनी अकादमीतील आपला क्रमांक अभिमानाने सांगितला. तुम्ही पूर्ण प्रयत्न केले होते का, असे रिकोव्हर यांनी विचारले. नेहमीच नाही, अशी कबुली कार्टर यांनी दिली. का नाही, या पुढच्या प्रश्नावर ते निरुत्तर झाले. तरीही त्यांची निवड झाली.

यामागे विचार काय होता?

समुद्राखाली बाहेरची मदत पोहोचत नाही आणि सोबतीला अणुभट्टी असते. पाठ केलेली उत्तरे तिथे कामाची नसतात. गडबडलेला माणूस थाप मारतो की चूक मान्य करतो, हे रिकोव्हर यांना पाहायचे होते.

आक्षेप कोणता?

प्रमाणित मानसशास्त्रीय चाचणीत सर्वांना एकच मोजपट्टी लागते. इथे मोजपट्टी होती एका माणसाची मर्जी. तिच्यावर तरुणांचे भवितव्य ठरे आणि अपमानाविरुद्ध दाद मागण्याची सोय नसे. अमेरिकी पाणबुड्यांवर अणुभट्टीचा मोठा अपघात झाला नाही, हे समर्थक सांगतात. मात्र त्याचे श्रेय कठोर प्रशिक्षण आणि काटेकोर अभियांत्रिकीलाही जाते. त्यात खुर्चीचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

पुढे काय झाले?

वयाच्या ८२व्या वर्षी, १९८२ मध्ये रिकोव्हर यांना निवृत्त करण्यात आले. ८ जुलै १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. पाणबुडी दलात येणाऱ्या खलाशांसाठी पुढे लेखी मानसशास्त्रीय चाचणी रुळली. अणुविभागात येणाऱ्या अधिकाऱ्यांची अंतिम मुलाखत मात्र आजही त्या विभागाचे प्रमुख अ‍ॅडमिरल स्वतःच घेतात.